शाळा अर्ध्यात सुटलेले तरुण आणि शिकू पाहणारे मोठे: नाशिकमध्ये नेमकं कुणाकडे जायचं?

चुंचाळे अभ्यासिका

अंबड-चुंचाळे भागातल्या अभ्यासिकेत संध्याकाळी येणाऱ्या तिघांसाठी विचारतोय. तिघांच्या गरजा वेगवेगळ्या आहेत, पण तिघांनाही आतापर्यंत "त्या ऑफिसात जाऊन विचारा" एवढंच उत्तर मिळालं आहे.

पहिला मुलगा, वय १९. सुरगाणा तालुक्यातला. आश्रमशाळेत नववीत असताना शाळा सुटली. सध्या अंबड एमआयडीसीत ठेकेदाराकडे वेल्डिंगला हेल्पर आहे. त्याला दहावी करायची आहे आणि वेल्डरचं सर्टिफिकेटही हवं आहे. दोन्ही बरोबर होईल की आधी एक करायचं?

दुसरी मुलगी, वय २३. मार्च २०१९ ला दहावीला बसली, इंग्रजी आणि गणित राहिलं, मग लग्न झालं. अंगणवाडी सेविकेची जागा निघेल तेव्हा अर्ज करायचा तिचा विचार आहे. कुणीतरी तिला १७ नंबरचा फॉर्म भरायला सांगितलं आहे.

तिसऱ्या बाई, वय ५२. शाळेची पायरी कधी चढलेल्या नाहीत. सही करता यावी, बसची पाटी वाचता यावी, पासबुक कळावं, एवढीच त्यांची इच्छा.

विभागीय मंडळ, मुक्त विद्यापीठ, आयटीआय, शिक्षणाधिकारी, सगळी कार्यालयं नाशिकमध्येच आहेत. पण कुठल्या कामाला कुठलं दार, कागद कुठले लागतात आणि माणसं कुठे अडकतात, हे जाणकारांनी नीट सांगावं.

---

निवृत्त मुख्य लिपिक

आधी कार्यालयं वेगळी करू, म्हणजे हेलपाटे वाचतील.

विभागीय मंडळ परीक्षा घेतं, शिकवत नाही. नाशिक मंडळाखाली नाशिक, धुळे, जळगाव आणि नंदुरबार हे चार जिल्हे येतात. मंडळाचा सगळा व्यवहार शाळेमार्फत चालतो. त्यामुळे थेट तिथे गेलेला माणूस बहुतेक वेळा शाळेकडेच परत पाठवला जातो. जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी तीन असतात: प्राथमिक, माध्यमिक आणि योजना. माध्यमिक शाळेच्या दाखल्यातली दुरुस्ती माध्यमिककडे, प्रौढ साक्षरता योजनाकडे. या योजना कार्यालयाचं आधीचं नाव 'निरंतर', जुनी माणसं अजून तेच म्हणतात. शिक्षण उपसंचालक हे जिल्ह्याच्या वरचं कार्यालय, खालचं काम लेखी अर्ज देऊनही हललं नाही तरच तिथे जायचं. डाएटमध्ये, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत, शिक्षकांचं प्रशिक्षण होतं, परीक्षार्थीचं तिथे काही काम नाही.

आता १९ वर्षांचा मुलगा. तो दहावीला कधीच बसलेला नाही, म्हणून त्याच्यासाठी फॉर्म नंबर १७, म्हणजे खासगी विद्यार्थी म्हणून नावनोंदणी. किमान पाचवी उत्तीर्ण असावा लागतो, वयाची १४ वर्षं पूर्ण असावी लागतात. दोन्ही अटी तो पूर्ण करतो. अर्ज मंडळाच्या संकेतस्थळावर ऑनलाइनच भरायचा. शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि फोटो अपलोड करायचे. पत्ता आणि माध्यम भरलं की त्या भागातल्या संपर्क केंद्रांची, म्हणजे शाळांची यादी दिसते. त्यातली एक निवडायची, शुल्क ऑनलाइन भरायचं, अर्जाची छापील प्रत काढायची आणि मूळ दाखल्यासह त्या शाळेत दिलेल्या मुदतीत नेऊन द्यायची. मूळ दाखला हरवला असेल तर दुय्यम प्रत आणि सोबत प्रतिज्ञापत्र.

फेब्रुवारी-मार्चच्या परीक्षेची ही नोंदणी आदल्या वर्षी पावसाळ्यातच सुरू होते. दिवाळीनंतर जाग आली तर विलंब शुल्काची मुदतही हातातून गेलेली असते.

माणसं कुठे अडकतात ते सांगतो.

पहिली जागा म्हणजे मोबाइल नंबर. सायबर कॅफेवाला स्वतःचा नंबर आणि ईमेल टाकतो, पुढचे सगळे निरोप त्याच्याकडे जातात आणि तो विसरतो. नंबर मुलाचाच हवा, आणि तो नंबर परीक्षा होईपर्यंत चालू राहायला हवा. ठेकेदाराकडची मुलं दर दोन महिन्यांनी सिम बदलतात, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

दुसरी जागा संपर्क केंद्र. घराजवळचं केंद्र घ्या, कामाजवळचं नको. काम बदलतं, आणि एकदा निवडलेली शाळा आणि माध्यम नंतर बदलून मिळत नाही.

तिसरी जागा सर्वांत महाग पडते. फॉर्म १७ भरला म्हणजे परीक्षेचा फॉर्म भरला, असं समजून मुलं घरी बसतात. तसं नाही. १७ नंबर ही फक्त नावनोंदणी. ती मंजूर झाली की नावनोंदणी प्रमाणपत्र मिळतं. त्यानंतर परीक्षेचं आवेदनपत्र संपर्क केंद्राच्या शाळेतूनच वेगळं भरायचं, त्याचं शुल्क वेगळं, तारखा वेगळ्या. दरवर्षी नोंदणी झालेली मुलं हॉल तिकीट घ्यायला येतात आणि यादीत नावच नसतं. नावनोंदणीचे पैसेही परत मिळत नाहीत.

अंतर्गत गुणांचंही असंच. तोंडी परीक्षा, प्रात्यक्षिक आणि स्वाध्याय संपर्क केंद्रातच होतात, बहुधा कामाच्या दिवशी. वेळापत्रक शाळेच्या फलकावर लागतं, कुणी फोन करून बोलावत नाही. जानेवारीत दर आठवड्याला एकदा शाळेत चक्कर हवी. कुणाला दिव्यांग प्रमाणपत्र असेल तर तासाला २० मिनिटं जादा वेळ आणि गरजेप्रमाणे लेखनिक मिळतो, पण ती मागणी आवेदनपत्रासोबतच शाळेमार्फत जायला हवी. परीक्षेच्या दिवशी केंद्रावर सांगून काही होत नाही.

---

गणिताची वही

मुलीबद्दल लिहिते. तिला १७ नंबर भरायला सांगणाऱ्यांनी चुकीचं सांगितलं आहे, तो भरू नका. ती दहावीला बसलेली आहे, म्हणजे ती पुनर्परीक्षार्थी, आपण रिपीटर म्हणतो ती. तिचा फॉर्म जिथून ती २०१९ ला बसली त्याच शाळेतून, फक्त राहिलेल्या दोन विषयांचा. सोबत जुनी गुणपत्रिका आणि तिच्यावरचा बैठक क्रमांक. जे विषय सुटलेत त्यांतून सूट मिळते. १७ नंबर भरून नव्यानं बसली तर सहाही विषय पुन्हा डोक्यावर.

तिचं २०१९ हे साल महत्त्वाचं आहे. दहावीचा सध्याचा अभ्यासक्रम २०१८-१९ ला आला आणि मार्च २०१९ ही त्याची पहिली परीक्षा. त्या वर्षी भाषांचे आणि सामाजिक शास्त्रांचे २० अंतर्गत गुण काढून टाकले होते, सगळे गुण लेखी. राज्याचा निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. पुढच्या वर्षापासून ८० लेखी आणि २० अंतर्गत ही पद्धत परत आणली. म्हणजे इंग्रजीत ती पडली तेव्हा तिच्या हाताशी ते २० गुण नव्हतेच, आता आहेत. तिला हे नक्की सांगा. "आपल्याला इंग्रजी जमतच नाही" असं मनात धरून बसलेल्या मुलींना या एका माहितीनं बळ येतं.

इंग्रजीत ३५ हवेत. अंतर्गत २० पैकी नीट तयारीनं १४-१५ मिळू शकतात, मग लेखी ८० पैकी २० च्या आसपास उरतात. उतारा वाचून उत्तरं, तक्ता किंवा आकृतीवरून लिहिणं, पत्र आणि रोजच्या वापरातलं व्याकरण, एवढ्यातून ते निघतात. कविता-धडे पाठ करण्यात वेळ घालवू नये.

गणित भाग १ चे ४०, भाग २ चे ४०, अंतर्गत २०, आणि पास होणं १०० पैकी ३५ वर, म्हणजे बेरीज बघतात. भूमितीची भीती असलेल्यांनी भाग १ वर भर द्यावा: दोन चलांतील रेषीय समीकरणं, अंकगणिती श्रेढी, अर्थनियोजन, सांख्यिकी. वर्गसमीकरणात फक्त अवयव पाडून आणि सूत्र वापरून सोडवायची उदाहरणं. भाग २ मधून पायथागोरस, निर्देशक भूमितीतलं अंतराचं सूत्र आणि महत्त्वमापन घ्या. भूमितीय रचनांचे गुण सरावानं हमखास मिळतात, पण कंपास घट्ट असायला हवा. ढिल्या कंपासची त्रिज्या अर्ध्या चापात बदलते, दोन चाप एकमेकांना छेदत नाहीत आणि मूल घाबरून पूर्ण रचना खोडतं. नवा कंपास घेतला की त्याचा स्क्रू पिळून पाहायचा, पेन्सिल बोटाएवढी आखूड लावायची, लांब पेन्सिल हलते.

परीक्षा वर्षातून दोनदा: फेब्रुवारी-मार्च आणि पुरवणी जून-जुलै. दोन्ही विषयांचा फॉर्म एकाच वेळी भरावा, एक सुटला तर पुढच्या वेळी एकच उरतो. आणि उशीर नको. नवा अभ्यासक्रम इयत्तावार येतोय. दहावीचं पुस्तक बदललं की तिला दुसऱ्याच पुस्तकावर बसावं लागेल.

अंगणवाडीबद्दल तिला आताच सांगितलेलं बरं. २०२३ पासून सेविका आणि मदतनीस दोन्हींना बारावी उत्तीर्ण ही अट आहे. वय १८ ते ३५, विधवा असल्यास ४० पर्यंत, आणि त्याच ठिकाणची रहिवासी. दहावीवर जागा मिळते ही माहिती जुनी झाली. बारावीला १७ नंबरनं बसायचं तर दहावी उत्तीर्ण होऊन दोन वर्षं जावी लागतात. नियमित किंवा रात्र कनिष्ठ महाविद्यालयातही दोन वर्षंच. तिचं वय २३ आहे, वेळ पुरतो, पण या जून-जुलैची संधी सोडू नये.

---

सातपूरचा निदेशक

"दोन्ही बरोबर होईल का" याचं उत्तर: नियमित आयटीआय आणि ठेकेदाराची नोकरी बरोबर होत नाही. दहावीचा अभ्यास आणि नोकरी होते. म्हणून क्रम असा ठेवा.

वेल्डर हा एक वर्षाचा ट्रेड. यासारख्या काही ट्रेडना दहावी अनुत्तीर्णही चालतो. त्यामुळे नववीतून सुटलेली मुलं थेट अर्ज करायला येतात. पण प्रवेश गुणवत्ता यादीनं, आणि यादी दहावीच्या गुणांवर लागते. दहावीला बसलेलाच नाही तर यादीत त्याला बसवायचं कुठे? म्हणून आधी १७ नंबर. पास झाला तर इलेक्ट्रिशियन, फिटर या दोन वर्षांच्या ट्रेडचाही रस्ता मोकळा, नापास झाला तरी वेल्डर, प्लंबर, सुतारकाम यांचा आहे. वयाला वरची मर्यादा नाही, २५ व्या वर्षीही प्रवेश घेता येतो.

सातपूरला त्र्यंबक रोडवर शासकीय आयटीआय आहे. पण अर्ज राज्यभर एकाच ऑनलाइन प्रक्रियेनं होतो, दहावीच्या निकालाच्या सुमारास सुरू होतो. अर्ज भरणं, मग आयटीआयमध्ये कागद दाखवून अर्ज निश्चित करणं, मग विकल्प भरणं: या तीन पायऱ्या. दुसरी पायरी राहिली तर अर्ज भरूनही नाव यादीत येत नाही, आणि मुलं बहुतेक वेळा तिथेच अडतात. विकल्पात पहिली पसंती विचार करून द्या. पहिल्याच पसंतीची जागा मिळाली आणि प्रवेश घेतला नाही तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर पडावं लागतं. तो आदिवासी असेल तर जातीचा दाखला आतापासून काढून ठेवा, जुलैत सेतूला रांगा लागतात.

तोपर्यंत काय? काम येत असेल तर पूर्वानुभवाला मान्यता देणारा छोटा कोर्स असतो. थोडे दिवस उजळणी, मग परीक्षक प्रत्यक्ष काम करून घेतो आणि प्रमाणपत्र मिळतं. कंपनीत टेस्टला बसायला त्याचा उपयोग होतो. आयटीआयच्या राष्ट्रीय प्रमाणपत्राची जागा मात्र ते घेत नाही, सरकारी किंवा रेल्वेच्या जाहिरातीत ते चालणार नाही. जन शिक्षण संस्थानाचे कोर्सही आहेत, वय १५ ते ४५, शाळा सुटलेल्यांसाठीच.

ठेकेदार त्याला "तू ट्रेनी आहेस" म्हणत असेल तर एक प्रश्न विचारायचा: शिकाऊ उमेदवारीच्या पोर्टलवर माझा करार नोंदला आहे का, त्याचा क्रमांक काय? क्रमांक असेल तर तो खरा शिकाऊ, ठरलेलं विद्यावेतन मिळतं, शेवटी परीक्षा होते, आणि विद्यावेतनातला २५ टक्के, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपयांचा भार केंद्र सरकार उचलतं. क्रमांक नसेल तर तो हेल्पर आहे, आणि त्या कामाचा कागदावर काहीच पुरावा राहत नाही. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचं नाव त्याला कुणी सांगितलं असेल तर ती किमान बारावी झालेल्यांसाठी आहे, त्याला लागू नाही.

हेल्परला सुट्टीच्या दिवशी सराव करायचा असेल तर ६ मिलिमीटरच्या प्लेटवर सपाट जोडापासून सुरू करावं. इलेक्ट्रोड ओला नको. ओल्या इलेक्ट्रोडचा आवाज फुटाण्यासारखा तडतडतो आणि मण्यात, म्हणजे वेल्डिंगच्या ओळीत, बारीक छिद्रं दिसतात. कंपनीच्या टेस्टमध्ये उभ्या जोडावर मुलं पडतात, कारण करंट सपाट जोडाइतकाच ठेवतात आणि धातू खाली ओघळतो. उभ्याला करंट थोडा कमी, आर्क आखूड.

---

साक्षरता वर्ग

बाईंसाठी उल्लास, म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रम. केंद्राची योजना २०२२ ते २०२७ ची, १५ वर्षांपुढच्या निरक्षरांसाठी. फी नाही, पुस्तकाला पैसे नाहीत. नोंदणी जवळच्या शाळेत होते, महापालिकेची असो की जिल्हा परिषदेची. मुख्याध्यापकांना भेटा आणि "असाक्षर म्हणून नोंदणी करायची आहे" एवढं म्हणा. शिकवणारा स्वयंसेवक असतो, त्याचीही नोंदणी उल्लासच्या ॲपवर होते. तुमच्या अभ्यासिकेतला कुणीही होऊ शकतो. हे कराच. कारण अडचण अशी होते की नोंदणी होते, शिकवणारा कुणी ठरत नाही आणि बाई थेट परीक्षेलाच बसते.

परीक्षा १५० गुणांची: वाचन ५०, लेखन ५०, संख्याज्ञान ५०. प्रत्येक भागात ३३ टक्के, म्हणजे १७ गुण. वेळ तीन तास, पण सकाळी १० ते संध्याकाळी ५ मध्ये केव्हाही येऊन बसता येतं, हे कामावर जाणाऱ्या बायकांना माहीत नसतं आणि "माझी कामं सुटत नाहीत" म्हणून त्या येत नाहीत. राज्यात पहिली परीक्षा १७ मार्च २०२४ ला झाली. कमी गुण पडले तर शेरा 'नापास' नसतो, 'सुधारणा आवश्यक' असतो, आणि पुन्हा बसता येतं. जाताना फोटो, आधार किंवा मतदार ओळखपत्र, निळं किंवा काळं पेन.

शिकवायचं कसं, यावर थोडं जास्त लिहिते, कारण सगळं त्यावर अवलंबून आहे. अ-आ-इ पासून सुरुवात करू नका. ५२ वर्षांच्या बाईला तीन आठवडे नुसती मुळाक्षरं गिरवायला लावली की ती चौथ्या आठवड्यात येत नाही. पहिल्या दिवशी तिचं नाव. मोठ्या अक्षरात लिहून द्या, त्यावर बोट फिरवू द्या, मग खडू, मग पेन्सिल. पेन शेवटी द्या. भांडी घासून बोटं कडक झालेली असतात, पेन इतकं दाबून धरतात की कागद फाटतो. जाड पेन्सिलीला चिंधी गुंडाळून दिली की पकड सैल होते.

नावातली अक्षरं ओळखीची झाली की बसच्या पाट्या. निमाणी, अंबड, सातपूर, नाशिकरोड. 'निमाणी'त न, म, ण आणि वेलांटी आली. 'नाशिकरोड'मध्ये न पुन्हा भेटला, र आणि ओकार नवा. 'सातपूर'चा उकार. चार पाट्यांत दहाच्या वर अक्षरं होतात, आणि दुसऱ्या दिवशी सिटीलिंकच्या थांब्यावर ती बाई स्वतः वाचून बघते. ऱ्हस्व-दीर्घाच्या मागे या टप्प्यावर लागू नका.

आकडे त्यांना तोंडी येतात, पैशाचा हिशेब पक्का असतो. अडचण लिहिलेल्या आकड्याची. ३ आणि ६ यांसारख्या आकड्यांत गोंधळ होतो, शिवाय पासबुकावर छापलेले आकडे इंग्रजी असतात, ते वेगळे शिकवावे लागतात. पासबुकाची झेरॉक्स काढून तीन रकाने रंगवा: काढलेले, भरलेले आणि शिल्लक. फक्त शेवटच्या ओळीतली शिल्लक वाचायला शिकवा, मग वरच्या ओळी. रोज पाऊण तास, आठवड्याला पाच दिवस. तासभर केला की डोळे दुखतात म्हणतात, आणि ते खरंच दुखतात. चाळिशीपुढे चष्म्याची तपासणी आधी करा. "अक्षर लक्षात राहत नाही" म्हणणाऱ्या कितीतरी बायकांना अक्षर दिसतच नसतं.

---

गोवर्धन रोड

मुक्त विद्यापीठाचं इथे काम नसलं तरी विषय निघालाय म्हणून. १ जुलै १९८९ ला स्थापन झालेलं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ गंगापूर धरणाजवळ आहे. पण प्रवेशासाठी मुख्यालयात जायची गरज नाही, काम अभ्यासकेंद्रावर होतं आणि त्यावर नाशिकचं विभागीय केंद्र असतं. हे विद्यापीठ दहावी-बारावी देत नाही. तिथला पूर्वतयारी शिक्षणक्रम म्हणजे बारावी नव्हे. जाहिरातीत "बारावी उत्तीर्ण" लिहिलं असेल तिथे तो चालेल असं धरून चालू नका. अंगणवाडीच्या मुलीला कुणी हा जवळचा रस्ता सांगितला तर घेऊ नये.

बारावी झाल्यावर पदवीला प्रवेश घेताना आता दूरशिक्षणासाठी डेब आयडी (यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा ओळख क्रमांक) लागतो, त्याआधी एबीसी आयडी (विद्यार्थ्याच्या श्रेयांकांच्या ऑनलाइन खात्याचा क्रमांक). दोन्हींतलं नाव आधारवरून येतं. बारावीच्या गुणपत्रिकेत माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, असं असेल तर प्रवेशाच्या वेळी अडतं.

---

मुक्त शाळा

१७ नंबरला एक पर्याय सांगतो, शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांना सोयीचा. राष्ट्रीय मुक्त विद्यालय, म्हणजे एनआयओएस. महाराष्ट्राचं प्रादेशिक केंद्र पुण्यात आहे, दहावी मराठी माध्यमातून करता येते. पाच विषय, उत्तीर्ण व्हायला ३३ टक्के, वर्षातून दोन परीक्षा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. पाच वर्षांत नऊ संधी, आणि एकेक विषय सोडवत जाता येतं. गृहपाठाला २० टक्के.

पण यात गणित सक्तीचं नाही, आणि मुलं आनंदानं ते सोडतात. पुढे इलेक्ट्रिशियन किंवा फिटरला दहावीत गणित आणि विज्ञान मागतात तेव्हा दार बंद. तुमच्या मुलानं हा रस्ता घेतला तर ही दोन्ही घ्यायचीच.

---

चुंचाळे अभ्यासिका

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन गोष्टी अजून. मुलाच्या दाखल्यावर आणि आधारवर जन्मतारीख वेगळी आहे, दीड वर्षाचा फरक. आणि वस्तीत एक एजंट "एका वर्षात दहावी-बारावी, पास होण्याची हमी" म्हणून पैसे गोळा करतोय. मुलीचाही प्रश्न आहे: दाखला माहेरच्या नावाचा, बाकी सगळं सासरच्या.

---

मुक्त शाळा

एजंटला एकच प्रश्न विचारा: मंडळाचं नाव काय? आणि ते नाव कॉब्सेच्या, म्हणजे देशातल्या शालेय मंडळांच्या परिषदेच्या यादीत आहे का, ते स्वतः पाहा. खरं वाटेल असं नाव ठेवलेली बोगस मंडळं आहेत, त्यांची गुणपत्रिका आयटीआयच्या कागद तपासणीत बाद होते आणि तोवर दोन वर्षं गेलेली असतात. आणि खऱ्या मंडळाचं नाव सांगितलं तरी पासची हमी कुणी देऊ शकत नाही. आधार किंवा मूळ दाखला त्याच्या ताब्यात देऊ नका. ज्यांनी दिला आहे त्यांनी आजच परत मागावा.

---

निवृत्त मुख्य लिपिक

मुलीचं सोपं आहे. रिपीटरचा फॉर्म जुन्या गुणपत्रिकेतल्या नावानंच जातो, नाव बदलायचं नाही. प्रमाणपत्र त्याच नावाचं येईल. विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि राजपत्रातली नावबदलाची नोंद, ही दोन्ही आतापासून करून ठेवली की अंगणवाडीच्या अर्जाला जोडता येतात.

मुलाचं मात्र अर्ज भरण्याआधी ठरवायला हवं. फॉर्म १७ मध्ये तारीख दाखल्याप्रमाणेच जाते, पुढे दहावीच्या प्रमाणपत्रावर तीच छापली जाते आणि आयुष्यभर तीच धरली जाते. म्हणून दोन तारखांपैकी खरी कुठली ते आधी शोधा. जन्म-मृत्यू नोंदवहीत, म्हणजे ग्रामपंचायतीत, नोंद आहे का पाहा. दाखल्यावरचीच तारीख बरोबर असेल तर फॉर्म तसाच भरा, आणि दहावीचं प्रमाणपत्र आल्यावर त्यावरून आधार दुरुस्त करा. आधारमध्ये जन्मतारीख बदलण्याची मुभा साधारणपणे एकदाच असते, म्हणून घाईनं आता बदलू नका.

दाखल्यावरची चुकीची असेल तर शाळा सोडलेल्या मुलाची तारीख मुख्याध्यापक स्वतःच्या अधिकारात बदलू शकत नाहीत. शाळेमार्फत प्रस्ताव जातो आणि सक्षम अधिकाऱ्याची मान्यता लागते. आश्रमशाळा असल्यानं आदिवासी विकासच्या प्रकल्प कार्यालयाशी संबंध येतो, सुरगाण्यासाठी ते कळवणचं, नाशिकचं नाही. बरेच जण आधी नाशिकच्या आदिवासी विकास भवनात जाऊन दिवस घालवतात. प्रस्तावाला महिने लागतात. म्हणजे या वर्षीचा फॉर्म हुकू शकतो, आणि चूक खरोखर दीड वर्षाची असेल तर एक वर्ष थांबणं परवडतं. बोर्डाचं प्रमाणपत्र छापून आल्यावर दुरुस्ती याहून कठीण.

शाळेत जाताना दाखल्यावरचा जनरल रजिस्टर क्रमांक वेगळ्या चिठ्ठीवर लिहून न्या. लिपिक नावानं शोधायला लागला तर अर्धा दिवस जातो, क्रमांक दिला की पान लगेच निघतं. रजिस्टरमधली नोंद आणि दाखला यांतच फरक निघाला, म्हणजे दाखला लिहितानाच चूक झाली असेल, तर रजिस्टरप्रमाणे नवा दाखला मागता येतो आणि मोठा प्रस्ताव टळतो. ते पान समोर उघडून स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेऊनच बाहेर पडायचं.